अजून एक वर्ष कॉलेजात, की थेट प्रोफेशनल?

वाचकांचे प्रश्न, क्रीडा सल्ला विभागाची उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी शनिवारी रात्र जागून अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघायचं वेड लागलं आहे. एखादा क्वार्टरबॅक फॉर्मात आला की लगेच चर्चा सुरू होते, हा आता एनएफएलमध्ये (तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये) जाणार की अजून वर्षभर कॉलेजात थांबणार. भाऊ म्हणतो, मिळतंय तेव्हा घ्यावं, उद्या खांदा निखळला तर कोण विचारतो? मला वाटतं, घाई करून गेलेले फसतात. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोघांच्याही बाजूने ढीगभर उदाहरणं सापडतील. त्यामुळे आधी नियम आणि पैशाचं गणित बघू, उदाहरणं मग.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावाची सूत्रं हाती असलेला खेळाडू. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाला द्यायचा हे तोच ठरवतो. शाळा संपल्यावर तीन वर्षं उलटल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांमध्ये, नाव देता येत नाही. कॉलेजात पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते. त्यामुळे 'जाऊ की थांबू' हा प्रश्न तिसऱ्या वर्षानंतर उभा राहतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्याआधी खेळाडूला लीगच्या सल्लागार समितीकडून लेखी अंदाज मागवता येतो. समिती तीनच उत्तरं देते : पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, किंवा कॉलेजात थांब. वर्तमानपत्रांतल्या अंदाजांपेक्षा, आणि एजंट देतो त्या आश्वासनांपेक्षा, हा कागद कितीतरी मोलाचा.

आता पैसा. २०११च्या करारानंतर नवख्या खेळाडूचं मानधन त्याचा नंबर कितवा लागला यावर जवळपास ठरूनच येतं, घासाघीस फारशी उरलेली नाही. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षासाठीही धरून ठेवायचा हक्क संघाकडे असतो. २०२५ साली पहिला निवडला गेलेला कॅम वॉर्ड याचा करार सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलरचा होता. त्याच ड्राफ्टमध्ये क्विन युअर्स सातव्या फेरीत, २३१वा निवडला गेला. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे ४३ लाख डॉलरचा, आणि त्यातलीही हमी असलेली रक्कम थोडीच. म्हणजे नंबर वर सरकवण्यासाठी थांबायला अर्थ आहे. पण ज्याचा नंबर आधीच पहिल्या पाच-दहात आहे, त्याने थांबून मिळवायचं काय? उलट खरा मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो आणि तोच वर्षभर पुढे ढकलला जातो.

मॅट लेनार्ट २००४ साली हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकून शिखरावर होता. तरी तो कॉलेजात परतला आणि २००६च्या ड्राफ्टमध्ये दहावा गेला. मॅट बार्कलीचं जास्त वाईट झालं. २०११च्या हंगामात ३९ टचडाउन पास (थेट सहा गुण मिळवून देणारे पास) टाकून तो पहिल्या फेरीचा उमेदवार झाला होता. पण तो थांबला, २०१२च्या हंगामात त्याचा खांदा दुखावला, आणि २०१३ला तो चौथ्या फेरीत, ९८वा निवडला गेला. तुमच्या भावाच्या बाजूने याहून ठळक उदाहरण शोधावं लागेल.

आता तुमची बाजू. जो बरो २०१८ साली जेमतेम होता : १६ टचडाउन पास, ५८ टक्क्यांच्या आत अचूकता (टाकलेल्यांपैकी झेलले गेलेले पास). तो थांबला. २०१९ला ६० टचडाउन, अचूकता ७६ टक्क्यांच्या वर, आणि २०२०च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. जेडन डॅनियल्सने २०२२ला १७ टचडाउन पास टाकले होते, थांबून पुढच्या वर्षी ४० टाकले आणि २०२४ला दुसरा निवडला गेला. खुद्द कॅम वॉर्डने २०२४च्या ड्राफ्टसाठी नाव दिलं होतं. ते मागे घेऊन तो मायामीच्या कॉलेजात गेला आणि पुढच्याच वर्षी पहिला आला.

मग फरक कशाने पडतो? आमचं मत असं की वर्षं मोजण्यापेक्षा पहिल्या चेंडूपासून मैदानावर असलेले सामने मोजावेत. मिचेल ट्रुबिस्की तेरा सामन्यांवर २०१७ला दुसरा निवडला गेला. अँथनी रिचर्डसनही तेरा सामन्यांवरच २०२३ला चौथा गेला, आणि त्याच्या शेवटच्या कॉलेज हंगामातली अचूकता ५४ टक्क्यांच्या आत होती. दोघांनाही व्यावसायिक मैदानावर जम बसवता आला नाही. पॅट्रिक माहोम्सही तिसऱ्या वर्षानंतरच निघाला होता, पण त्याच्या गाठीला २९ सामने होते. शिवाय २०१७चा जवळजवळ पूर्ण हंगाम त्याला कॅन्सस सिटीने अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकवलं. बिल पार्सेल्स या नामवंत प्रशिक्षकाचा जुना ठोकताळाही याच अंगाने जाणारा होता : क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षातला असावा, त्याने पदवी घेतलेली असावी, तीन वर्षं मुख्य संघात खेळलेला असावा आणि किमान २३ सामने जिंकलेला असावा.

सामन्यांनाच एवढं महत्त्व का, ते मैदानावरच्या एका गोष्टीवरून बघा. डाव जिथून सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा कॉलेजच्या मैदानावर एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. कॉलेजात चेंडू एका कडेच्या खुणेवर असला की दुसऱ्या बाजूला ऐसपैस मोकळी जागा पडते, बचाव करणारे विरळ होतात आणि पहिला झेलणारा बऱ्याचदा मोकळाच सापडतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मधोमध असतो. दोन्ही बाजूंना जागा सारखी आणि बचाव दाट. पहिला झेलणारा झाकलेला असला तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि नजर फिरेल तसे पायही त्या दिशेला वळले पाहिजेत. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, अंगावर सव्वाशे किलोचे गडी धावून येत असताना. नजर पुढे गेली आणि पाय मागेच राहिले की चेंडू उंच जातो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो. ही सवय सरावात लागत नाही, सामन्यातच लागते. एनएफएलमध्ये मात्र चुका करत शिकायला नवख्याला फार सामने मिळत नाहीत. मालकाचा धीर सुटतो, प्रशिक्षक बदलतो आणि नव्या प्रशिक्षकाला आपला माणूस हवा असतो.

म्हणून आमचं उत्तर असं. पंधरा-वीसपेक्षा कमी सामने झाले असतील, तर कागदावर पहिली फेरी लिहून आली तरी थांबावं. पंचवीस-तीस सामने झाले असतील आणि कागदही पहिल्या फेरीचा असेल, तर निघावं. अशा मुलाला चौथं वर्ष बहुधा दुखापतीशिवाय काही देत नाही. मधल्यांनी एकच प्रश्न विचारावा : पुढच्या वर्षी माझं नेमकं काय सुधारणार, आणि ते सुधारायला तोच प्रशिक्षक, मला हल्ल्यापासून वाचवणारी तीच पुढची फळी कॉलेजात राहणार आहे का? प्रशिक्षक जाणार असेल तर त्या थांबण्यातला अर्धा फायदा तिथेच गेला.

आणखी एक मोठा बदल ध्यानात घ्या. जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे मिळवायची मोकळीक आहे, आणि १ जुलै २०२५पासून कॉलेजं त्यांना थेट मानधनही देऊ शकतात. पहिल्या वर्षी ती मर्यादा प्रत्येक कॉलेजामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. म्हणजे थांबलेला मुलगा आता उपाशी राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीचा अंदाज असलेल्या क्वार्टरबॅकला तर कॉलेजात त्याच वर्षी जास्त पैसे मिळू शकतात. 'मिळतंय तेव्हा घ्यावं' हा तुमच्या भावाचा मुद्दा २०२१पूर्वी जेवढा वजनदार होता तेवढा आता राहिलेला नाही.

प्रश्न : फुटबॉलला तीन वर्षांची अट, मग बास्केटबॉलची मुलं एका वर्षात कशी निघून जातात? न्यायालयात कुणी गेलं नाही का?
— एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : प्रत्येक लीगची अट वेगळी आहे. एनबीएमध्ये (बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) २००६च्या ड्राफ्टपासून वय १९ आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं. बेसबॉलवाले शाळेतूनच मुलगा उचलतात, पण तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर सहसा तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा तो २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. फुटबॉलच्या अटीविरुद्ध ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट न्यायालयात गेला होता. खालच्या न्यायालयात जिंकला, पण २००४ साली वरच्या न्यायालयाने लीगची बाजू उचलून धरली. मुख्य कारण असं की ही अट खेळाडू संघटनेशी होणाऱ्या सामूहिक कराराच्या कक्षेत येते. क्लॅरेट धावणारा गडी होता. अंगावर माणसं घेऊन धावण्याच्या त्या खेळात एकोणीस-वीस वर्षांचं शरीर कमी पडतं, असं लीगचं म्हणणं होतं.

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चढाईपटू आहे, वजन ६८ किलो. दोन वर्षं विद्यापीठाच्या कबड्डी संघात आहे. प्रो कबड्डीतल्या एका संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं आहे, नव्या तरुण खेळाडूंच्या गटातून घेऊ म्हणतात. गावातले कोच म्हणतात कॉलेज सोड, आई म्हणते आधी पदवी. आमच्या मनात रेल्वेची नोकरी आहे. काय करावं?
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : आधी हे पक्कं समजून घ्या की शिबिराचं बोलावणं म्हणजे करार नव्हे. शिबिराला बरीच मुलं बोलावतात, त्यातली थोडी ठेवतात. मुलाला शिबिराला जरूर पाठवा, पण कॉलेजचा दाखला काढून नव्हे, प्राचार्यांना अर्ज देऊन आणि रजा घेऊन. करार हातात पडेपर्यंत नाव कॉलेजातच राहू द्या.

करार आलाच तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी बघा. किती हंगामांचा आहे, रक्कम हंगामाची की महिन्याची, दुखापत झाली तर उपचार कुणाच्या खर्चाने, आणि मधल्या काळात विद्यापीठाकडून व राज्याकडून खेळायची परवानगी आहे की नाही. अलीकडच्या हंगामांत लिलावातल्या सर्वांत खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. तो आकडा ऐकून गावात लगेच हिशेब सुरू होतात. पण नव्या तरुण खेळाडूंची निवड लिलावाबाहेर होते, तिथे करारात लिहिलेला आकडाच खरा मानायचा.

आता कॉलेजात राहण्याचा फायदा. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायला वय २५च्या आत आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नाव लागतं. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला खेळता येत नाही. म्हणजे कोच सांगतात तसं कॉलेज सोडून बाहेरून पदवी केली, तर कागदावर पदवी मिळेल, पण आंतरविद्यापीठचं दार बंद होईल. रेल्वेच्या दृष्टीने नेमकं तेच दार महत्त्वाचं आहे. खेळाडू कोट्यातल्या लेव्हल २-३च्या (त्या वेतनस्तराच्या) जागांसाठी जी पात्रता धरतात, तिच्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं पहिल्या तिघांतलं स्थान बसतं. नुसता दक्षिण विभागात खेळल्याचा दाखला तिथे पुरत नाही. कामगिरी चालू आर्थिक वर्षातली किंवा त्याआधीच्या दोन वर्षांतलीच चालते आणि वय १८ ते २५ असावं लागतं, त्यात सवलत नाही. लेव्हल ४-५ला तर पदवीशिवाय अर्जच करता येत नाही, अर्थात तिथे खेळातली पातळीही बरीच वरची मागतात. ही केंद्राची भरती असल्याने खेळाडू कर्नाटकचा की महाराष्ट्राचा हा आपल्या भागातला नेहमीचा घोळ इथे आड येत नाही.

यावरून तुमचा हिशेब असा लागतो. मुलगा तिसऱ्या वर्षात, म्हणजे एकविसाव्या वर्षी, विद्यापीठ संघातून अखिल भारतीय पातळीवर पहिल्या तिघांत आला, तर तो दाखला त्यानंतरची दोन आर्थिक वर्षं वापरता येईल. तेवढ्यात हुबळीच्या दक्षिण पश्चिम रेल्वेसह सगळ्याच विभागांच्या जाहिरातींवर नजर ठेवायची. प्रमाणपत्रावर तारीख, स्थान आणि विद्यापीठाचा शिक्का स्पष्ट आहे ना, हे स्पर्धा संपल्यावर लगेच बघा. दोन वर्षांनी चूक दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात.

प्रो कबड्डी आणि परीक्षा दोन्ही एकाच वर्षी जमतील का, हे वेळापत्रकावर अवलंबून आहे. दहावा हंगाम डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ असा झाला, अकरावा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४, बारावा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबर २०२५. म्हणजे कोणत्या सेमिस्टरला आच लागेल हे आधी सांगता येत नाही. तारखा जाहीर झाल्या की परीक्षा विभागात जाऊन हजेरीची सवलत आणि राहिलेले पेपर यांबद्दल लेखी विचारून घ्या. तोंडी होकार कामाला येत नाही.

राहता राहिला खेळ. वरच्या गटात वजनाची मर्यादा ८५ किलो. ६८ किलोचा मुलगा तिथे चढाईला गेला की ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा कोपरारक्षक घोटा धरतो आणि सुटायला जागा मिळत नाही. एका वर्षात ७३-७४ किलोपर्यंत जावं, महिन्याला अर्धा किलोच्या बेताने आणि मांड्या-कंबरेच्या ताकदीने. भराभर वजन वाढवलं तर पायांची चपळाई जाते आणि चढाईपटूचं भांडवल तेच. दुसरं म्हणजे मॅट. आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धा बऱ्याचशा मातीवर होतात. मातीवर पाय थोडा घसरतो, त्यामुळे वळताना गुडघ्यावरचा ताण सुटतो. मॅटवर बूट चिकटून राहतो, पाय जागेवर आणि अंग फिरतं, आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला किमान नऊ महिने धरा. म्हणून आठवड्यातले निदान तीन दिवस मॅटवर सराव हवा, आणि सुरुवातीचे काही आठवडे एका पायावर उतरणं, थांबणं, वळणं एवढंच.

तिसरं, 'करो या मरो' चढाई. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. ३० सेकंदांत बोनस रेषा ओलांडायची की हात मारायचा, हा निर्णय दमलेल्या अवस्थेत घ्यावा लागतो. बोनस मिळायला समोर किमान सहा जण लागतात. पाच उरले असताना बोनसच्या मागे लागून बाद होणारी मुलं शिबिरातून पहिल्या दिवशीच परत येतात. विद्यापीठाच्या सामन्यांत अशा चढाया मुलाकडेच येतात का, हे त्याच्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना विचारा. येत असतील तर तिसरं वर्ष त्याला घडवेल. तो बदली खेळाडू म्हणून बाकावर बसत असेल, तर मात्र तिथे थांबून खेळ सुधारणार नाही. अशा वेळी शिबिरात निवड झाली तर प्रो संघाबरोबरचा सराव जास्त कामाचा, आणि परीक्षा नियमित विद्यार्थी म्हणूनच द्यायची.

बक्षिसाच्या स्पर्धांना मात्र यंदा आवर घाला. एका रात्रीत तीन-तीन सामने, पहाटे दोनला अंतिम सामना, कडक जमीन आणि मध्ये उपाशीपोटी चहा. नव्या कराराआधी गुडघा जातो तो बहुतेक अशाच रात्री.

प्रश्न : थांबायचं ठरवलं आणि त्या वर्षात दुखापत झाली तर काय? अमेरिकेत म्हणे यासाठी विमा असतो. आपल्याकडे?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : अमेरिकेत दोन प्रकार आहेत. एक, कायमचं अपंगत्व येऊन खेळ संपला तर मिळणारी रक्कम. दुसरा, दुखापतीमुळे ड्राफ्टमधला नंबर ठरावीक मर्यादेच्या खाली घसरला तर त्या फरकाची भरपाई. दुसरा महाग पडतो, आणि घसरण दुखापतीमुळेच झाली हे सिद्ध करावं लागतं. हंगाम वाईट गेला म्हणून नंबर घसरला तर पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे दुसरा प्रकार सर्रास मिळत नाही. वैयक्तिक अपघात विमा मिळतो. त्यात अपघाती मृत्यू, कायमचं पूर्ण किंवा अंशतः अपंगत्व, आणि काही पॉलिसींत काम बंद पडलेल्या आठवड्यांची भरपाई येते. घेताना अपवादांचं पान आधी वाचा. 'व्यावसायिक खेळात भाग घेताना झालेली इजा वगळून' असं वाक्य बऱ्याच पॉलिसींत असतं. कॉलेजात असेपर्यंत दावा निघू शकतो, करारावर सही झाली की तोच दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून सही करताना विमा कंपनीला लेखी कळवा आणि जादा हप्ता भरून खेळाचं संरक्षण जोडता येतं का ते विचारा. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा खर्च अपघात विम्यात नव्हे, आरोग्य विम्यात येतो. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि तिच्यातही धोक्याच्या किंवा व्यावसायिक खेळांबद्दलचं कलम असतंच. गुडघा आधीच दुखत असेल तर अर्जात ते लपवू नका. एमआरआयच्या जुन्या तारखेवरून ते उघड होतं आणि दावा तिथेच अडकतो.